बोललेला आकडा

"दोन," अमृतराव म्हणाले, आणि जान्हवीनं वहीत दोन लिहून घेतलं. नेमकी त्याच वेळी कमरेतली कळ उजव्या कुल्ल्यावरून मांडीच्या मागून पोटरीत उतरत होती. तिची वाट ठरलेली. पोटरीत पोचली की घटकाभर थांबायची आणि मग टाचेत जाऊन बसायची. अमृतरावांनी टाच चटईवर जरा दाबून धरली, तोंडावर काही दिसू दिलं नाही, आणि वर हसले. आता या हसण्याला काय म्हणावं! सहासष्ट वर्षांचा माणूस, पाय नुसता पेटलेला, आणि एका पोरीनं 'आज किती दुखतंय काका' विचारलं की लाजऱ्या नवरदेवासारखा 'दोन' म्हणून मोकळा होतो. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, अशी जान्हवीची मोजणी. हिंगोलीत त्यांच्या कॉलनीच्या समाजमंदिरात, वरच्या खोलीत, ती रोज सकाळी साडेसहाला जुनाट दुखण्यांचा योगवर्ग घ्यायची. कमरेचे, मानेचे, गुडघ्यांचे मिळून नऊ जण. डॉक्टर, मालिश, शेक सगळं करून थकलेली माणसं. आधी प्रत्येकाचा आकडा विचारायचा, लिहायचा, मग श्वासाला सुरुवात. अमृतरावांचा आकडा चार महिन्यांपूर्वी आठ होता. तो आजही आठच होता. पण वहीत मात्र उतरत उतरत दोनावर आला होता.

"आणि खाला, तुमचं?" जान्हवीनं शेजारच्या चटईकडं पाहिलं. तिथं मदीनाबी भिंतीला टेकून बसली होती. गाद्या भरणाऱ्या खाजा मियाची बायको. चाळीस वर्षं नवऱ्यानं पिंजलेल्या कापसाच्या गाद्यांना दाभणानं टाके घातले, आणि आता मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागायचं. "नऊ," ती म्हणाली. "असू दे," जान्हवी म्हणाली. "काकांकडं बघा ना, आठवर आले होते, आज दोनावर आहेत. धीर सोडायचा नाही." हे बोलणं रोजचंच होतं. पण आज मदीनाबीनं सगळं अंग वळवून अमृतरावांकडं पाहिलं, आणि पाहतापाहताच चटई गुंडाळायला घेतली. "बेटी, तुझी कायबी गलती न्हाई. तू जीव लावून शिकवून राहिली. भाऊंचं उतरलं, पुनमचंद शेटजींचं उतरलं, माझंच काहून उतरत न्हाई? माझ्यातच खोट हाय. मला तो श्वासच बराबर सोडता येत न्हाई. उद्यापसून न्हाई येत मी." जान्हवी उठायच्या आत ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. तिथून अमृतरावांना म्हणाली, "भाऊ, तुमची तकलीफ उतरली, दिलाला लई बरं वाटलं. दुसरं कोन बोललं असतं तर म्हन्लं असतं, असंल नसंल. पर तुमी बोलले म्हंजी ते बराबरच." आणि जिना उतरून गेली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरत होती. अमृतरावांनी चौदाच्या चौदा पायऱ्या ऐकल्या.

वर्ग काही थांबला नाही. जान्हवीचा आवाज जरासा पडला होता, पण तिनं सगळ्यांना पोटावर झोपवलं, भुजंगासनात छाती वर उचलायला लावली. बाकीच्यांना पाच श्वास, अमृतरावांना दहा. दोनवाल्याला जास्त करता येतं ना! खोट्याची ही शिक्षा रोज ठरलेली. आकडा जसा खाली आला तशी आसनं वाढली, आणि आसनं वाढली तशी कळही कधी कधी आठाच्या वर जाऊ लागली. सहाव्या श्वासाला डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी खांद्याला पुसलं. खोलीत कुणीही कण्हत नव्हतं. या खोलीत कधीच कुणी कण्हत नसे. नऊ दुखणेकरी एका जागी, आणि शाळेच्या परीक्षेला असावी तशी शांतता. समोरच्या भिंतीवर जान्हवीनं रंगीत खडूनं काढलेला तक्ता होता, प्रत्येकाची एक रेघ. अमृतरावांची हिरवी रेघ डाव्या कोपऱ्यातून निघून सरळ उतरत खाली आली होती, सगळ्यांत देखणी. मदीनाबीची लाल रेघ वरच्या वर आडवी. ती आडवी रेघ आज पहिल्यांदा त्यांना नीट दिसली. तीच एकटी खरी होती, आणि तीच उठून निघून गेली होती.

पहिलं खोटं केव्हा बोलले ते त्यांना चांगलं आठवत होतं. दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. दोन दिवस ते वर्गाला गेले नव्हते. कमर धरली होती, आणि मन म्हणत होतं की हाही उपाय गेला वाया. तर ही पोरगी स्कुटीवरून घरी हजर. जान्हवी हिंगोलीचीच, तिचे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. नाशिकला योगोपचार शिकली, तीन वर्षं मोठ्या दवाखान्यात काम केलं, आणि मग गावी परतली. लोक म्हणायचे, हिंगोलीत दुखण्यासाठी योगा कोण करतंय, इथं इंजेक्शन दिल्याशिवाय माणसाला दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. त्या दिवशी ती अमृतरावांना वर्गाच्या खोलीत घेऊन गेली. चटईवर निजवलं, दोन चादरींची घडी केली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या गुडघ्यांखाली सरकवली, एकदा काढून घडी जरा जाड केली आणि पुन्हा ठेवली. जन्मभर दुसऱ्याची पोती नीट लागलीत का हे पाहत आलेल्या माणसाच्या गुडघ्यांखाली कुणी काही ठेवावं, ही गोष्टच त्यांना नवी होती.  आणि मग तिनं विचारलं, "आता किती वाटतंय, काका?" आता सांगा, काय म्हणायचं? कुणाच्या घरी जेवायला बसावं, बाईनं घाम पुसत पुसत वाढावं, आणि 'कसं झालंय' म्हणून विचारल्यावर 'आळणी हाय' म्हणायचं? आपल्यात असं म्हणत नाहीत. "सात," ते म्हणाले. तिचा चेहरा असा उजळला की आठवडाभर त्यांना त्या उजेडाची ऊब पुरली. मग सातवर किती दिवस अडायचं? ती रोज वाट पाहायची. एका गुरुवारी त्यांनी सहा दिला. संक्रांतीला पाच. त्यानंतर थांबणं त्यांच्या हातात राहिलं नाही.

वर्ग सुटल्यावर ते नेहमीच्या रस्त्यानं न जाता शेतमालाच्या मोंढ्याकडून निघाले. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाय ओढत होता. हळदीचा हंगाम. ट्रॅक्टर रांगेत उभे, हवेत पिवळी धूळ, जिभेवर तिची कडवट चव. एका आडतीपुढं पोतं विजेच्या काट्यावर चढलं, आणि डब्यात लाल आकडे पेटले. बावन्न, त्याच्यापुढं बारीक अक्षरांत चारशे. कुणी काही बोललं नाही. शेतकऱ्यानं पाहिलं, मुनिमानं पाहिलं, पोतं उतरलं. अमृतराव तिथं उभे राहून बघतच राहिले. आता आकडा कुणी बोलत नाही, तो नुसता दिसतो. जवळा बाजार या गावच्या मोंढ्यात पस्तीस वर्षं अमृतराव मापाडी होते. तिथं तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेला काटा असायचा, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात माल, आणि काटा मधोमध थरथरत उभा राहिला की मापाड्यानं उभं राहून, छाती भरून आकडा बोलायचा. बसून बोलायचा नाही. पुटपुटायचा नाही. पार शेवटच्या बैलगाडीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीलासुद्धा ऐकू जायला पाहिजे. आकडा एकदा बोलला की तो बोललेला; मग खुद्द मापाड्यालाही तो गुपचूप फिरवता येत नाही. शेतकऱ्याला काट्यावरचं दिसायचं नाही, पुष्कळांना वाचता यायचं नाही. त्यांचा सगळा विश्वास त्या आवाजावर. खाजा मिया गाद्यांसाठी कापूस घ्यायला बाजाराच्या दिवशी जवळ्याला यायचा. तो तर काट्याकडं पाठ करून विडी ओढत बसायचा. कुणी म्हणालं, मिया, बघा तरी, तर म्हणायचा, अमृतराव बोलेल ते खरं, मला काय बघायचंय.

हेच तर मदीनाबी दारातून बोलून गेली होती. ती जान्हवीच्या वहीवर विश्वासली नव्हती, भिंतीवरच्या तक्त्यावर तर मुळीच नाही. ती मापाड्याच्या बोलण्यावर विश्वासली होती. मापाड्यानं 'दोन' म्हटलं म्हणजे आसनांत गुण आहे. आसनांत गुण आहे आणि आपल्याला येत नाही म्हणजे खोट आपल्यात. सरळ आहे. अमृतरावांना त्या पिवळ्या धुळीत उभ्याउभ्या घाम फुटला. आणि हे एवढ्यावर थांबणारं नव्हतं. तिचं काय होणार ते त्यांना माहीत होतं. वर्गात येण्याआधी सहा वर्षं ती दुखण्याच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खात होती. पाय सुजले, तोंड सुजलं, तेव्हा डॉक्टरनं तपासून सांगितलं की गोळ्यांनी मूत्रपिंडं जायला लागलीत, आता एकही घ्यायची नाही. म्हणून ती इथं आली होती. वर्ग सुटला तर गोळी धरणार. दुसरं आहे काय तिच्याकडं? मान घेऊन जाईल कुठं ती? 'च्यायला अमृतराव,' ते स्वतःला म्हणाले, 'एका लेकराच्या तोंडावरचं हसू राखायला तू एका बाईला गोळ्यांत ढकललंस.' शेजारून जाणाऱ्या हमालानं विचारलं, "काय म्हन्ले, बाबा?" "काय न्हाई," अमृतराव म्हणाले. हल्ली सगळ्याच प्रश्नांना त्यांचं हेच उत्तर होतं.

एक हंगाम मात्र असा होता की तेव्हा ते 'काय न्हाई' म्हणाले नव्हते. पोरं लहान होती. एका व्यापाऱ्यानं, त्याचं नाव घेण्यात आता अर्थ नाही, माल तोलायच्या आधी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, वरचा अर्धा किलो बोलायचा नाही. प्रत्येक पोत्यामागं अर्धा किलो. कुणाला कळणारही नाही. अमृतरावांनी ऐकून घेतलं, काट्यापाशी आले, आणि पहिल्याच पोत्याला 'अठ्ठेचाळीस पाचशे' असं बोलले की पलीकडच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळले. त्या 'पाचशे'वर त्यांनी मुद्दाम जोर दिला होता. तरणं रक्त, दुसरं काय. त्या हंगामात त्यांना काट्यावर कुणी उभं केलं नाही. मग पोती उचलली. पाठीवर, दिवसाला शंभर-सव्वाशे. तिथंच कुठं तरी कमरेत काही तरी सरकलं असणार, अशी त्यांची समजूत. गंगूताई, त्यांची बायको, म्हणायची, काही नाही हो, वय झालं की सगळ्यांच्याच कमरा जातात, तुम्ही उगीच त्याला गोष्ट जोडता. असेलही तिचं खरं. पण रात्री-अपरात्री पाय पेटला की त्यांना ती गोष्टच आधार देत आली होती. दुखतंय तर दुखू दे, आकडा खरा बोललो त्याचं आहे. आणि आता त्याच दुखण्याचा आकडा खोटा. आज मोंढ्यात हे दोन्ही एकमेकांसमोर येऊन उभे राहिले, आणि मधे कुठं उभं राहावं ते अमृतरावांना कळेना.

घरी येऊन ते खाटेवर टेकले आणि "आई आई आई" करत आडवे झाले. गंगूताई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आलं का दोनाचं दुखनं घरी?" तिला सगळं ठाऊक होतं, नवऱ्याचं कण्हणं भिंतीतून ऐकू येणाऱ्या बाईपासून काय लपतं! "तिथं दोन अन् घरात आठ काहून, ते एकदा सांगा मला. त्या पोरीपुढं लाजता अन् माझ्यापुढं कन्हता. मी काय दगड हाय?" अमृतरावांनी तिला मदीनाबीचं सांगितलं. गंगूताईचा हात सुपात थांबला. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग जा अन् सांगा तिला." "अगं, पर जान्हवी? त्या पोरीला काय वाटंल? चार महिन्यांची तिची मेहनत. भितीवर तक्ता लावलाय. गावातले लोक आधीच हसून राहिले. म्या म्हन्लो की कायबी फरक न्हाई, तर उद्या खोली रिकामी." "खरंच कायबी फरक न्हाई?" गंगूताईनं विचारलं.

हा प्रश्न त्यांना भारी पडला. ते आढ्याकडं बघत पडून राहिले. फरक नव्हता का? कळ तेवढीच होती, हे शपथेवर. पण पूर्वी कळ आली की ते भिंतीवर मूठ मारायचे. ताट सरकवून उठायचे. नातवंडं जवळ आली की ओरडायचे, आणि मग ओरडलो म्हणून रडकुंडीला यायचे. कळ यायच्या आधी तासभर तिची भीती यायची, आणि ती गेल्यावर तासभर राहायची. दिवसच्या दिवस त्यात जायचा. आता ती आली की ते दात सोडतात, खांदे सोडतात, आणि ती कुल्ल्यावरून पोटरीत, पोटरीतून टाचेत उतरेपर्यंत तिच्यासोबत सावकाश श्वास सोडत जातात. टाचेत बसली की म्हणतात, बस बाई. मागच्या महिन्यात पंगतीला मांडी घालून शेवटच्या ताकापर्यंत बसले होते. हे जान्हवीनं दिलं होतं. याचा आकडा काय? आठातून हे वजा कसं करायचं? त्यांना काट्याची सवय होती. काट्यावर जे चढतं त्याचं वजन होतं, आणि हे काही काट्यावर चढत नव्हतं. "फरक हाय," ते म्हणाले, "पर दुखन्यात न्हाई." "मंग जे हाय ते बोला की," गंगूताई म्हणाली आणि पुन्हा तुरीतले खडे काढू लागली. बायकांना सगळं एवढं सोपं कसं दिसतं, याचा त्यांना राग आला. राग आला आणि त्यातच डोळा लागला.

दुपारी चारला ते मदीनाबीच्या घरी गेले. सांगून टाकायचं, एवढं ठरवून गेले. खाजा मिया ओट्यावर बसला होता, कापसाचे तंतू भुवयांवर, दाढीवर. "आओ आओ, अमृतराव! बसा. अगं, भाऊ आले," त्यानं आत हाक मारली, आणि शेजारी गादी भरून घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला सांगायला लागला, "हे कोन ठाऊक हाय का? जवळा बाजारचे मापाडी. यांचा काटा म्हंजी..." आणि कानाची पाळी धरली. अमृतरावांना जमीन दुभंगावी असं झालं. आतून मदीनाबी चहा घेऊन आली. कप पुढं करताना तिची मान एका बाजूला अशी अवघडली की कप वाकडा झाला आणि बशीत चहा सांडला. ती हसली. "पाहा, चहाबी सरळ देता येत न्हाई." दाराजवळच्या फळीवर, आरशाशेजारी, गोळ्यांचं पाकीट होतं. नवीन. दोन जागा फोडलेल्या. त्यांनी ते पाहिलं, तिनं त्यांना पाहताना पाहिलं, आणि लेकराची चोरी पकडावी तशी ती ओशाळली. "दोनच घेतल्या. आजच्या दिवस," ती पुटपुटली. "मंग काय करू, भाऊ? तुमच्यावानी नशीब न्हाई आपलं. पर खरं सांगते, तुमचं उतरलं तर मला माझंच उतरल्यासारखं वाटलं. म्या दुवा केली तुमच्यासाठी."

आता बोल! ते स्वतःला म्हणाले.  खाजा मिया कौतुकानं बघत होता, गिऱ्हाईक बघत होतं, आणि ती बाई त्यांच्यासाठी दुवा करून बसली होती. चार महिन्यांचं खोटं एका ओट्यावर चहाच्या कपासोबत कसं ठेवायचं? आणि जिथं बोललो तिथंच फिरवायला पाहिजे ना? मोंढ्यात चुकीचा आकडा गेला तर माल परत काट्यावर चढवून, सगळ्यांसमोर पुन्हा बोलावं लागायचं. कानात सांगून भागायचं नाही. हे कारण खरं होतं की पळवाट होती, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही. चहा संपवून ते उठले. "उद्या एक दिवस वर्गाला या," ते म्हणाले. "काहून? आता काय ऱ्हायलं?" "या म्हन्लो ना. एकच दिवस. तिसरी गोळी घेऊ नका तवर." मदीनाबीनं नवऱ्याकडं पाहिलं. खाजा मिया म्हणाला, "जा. अमृतराव म्हनतेत म्हंजी काही तरी आसंल."

सकाळी अमृतराव सगळ्यांच्या आधी समाजमंदिरात पोचले आणि जिन्यात अर्ध्यावर थांबले. परत फिरावं असं तीनदा वाटलं. काय बिघडलं असतं? आज एक म्हणायचं, उद्या शून्य, आणि बरा झालो म्हणून वर्गच सोडायचा. जान्हवी खूश, तक्ता पूर्ण. मदीनाबीला काही तरी दुसरं सांगता आलं असतं. तोवर खालून पुनमचंद शेट आले, कापडाचे दुकानदार, दोन्ही गुडघे गेलेले. "चला चला, वाट अडवू नका," म्हणत त्यांना वर घेऊन गेले. एकेक जण आला. शेवटी मदीनाबी. ती चटई बगलेत तशीच धरून दारापाशी बसली. "भाऊंनी बलावलं म्हनून आले," ती जान्हवीला म्हणाली. जान्हवीच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. तिनंही कालचा दिवस सुखात काढला नसावा. तिनं वही उघडली. पुनमचंद चार म्हणाले. पुढची बाई तीन. "काका?"

अमृतराव उठले. बसून आकडा बोलत नाहीत. उठताना कळ निघाली, कुल्ल्यावरून मांडीत आली, आणि या वेळी त्यांनी तोंड वाकडं होऊ दिलं. छाती भरून घेतली. "आठ!" ते बोलले. किती वर्षांनी हा आवाज निघाला होता! खिडकीवरची कबुतरं उडाली. जान्हवी घाबरून उभी राहिली. "काय झालं, काका? एकदम वाढलं?" "वाढलं न्हाई. आठच व्हतं. पयल्या दिवसापसून आठच हाय. मधले सात, सहा, पाच, दोन, समदे म्या खोटे बोललो."  "काहून?" हा प्रश्न जान्हवीनं नाही, दारातून मदीनाबीनं विचारला. अमृतराव तिच्याकडं बघू शकले नाहीत. "पोरीनं गुडघ्याखाली चादर ठेवली, अन् इचारलं कसं वाटतं. न्हाई म्हनवंना. मंग म्हनत गेलो."

"चार महिने!" मदीनाबी ओरडली. मान वळत नसल्यानं सगळं अंग घेऊन ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "चार महिने म्या घरी जाऊन रडले. म्हन्लं माझ्याच अंगात काही वंगाळ हाय, माझाच श्वास खोटा हाय. आमच्या यांनी तुमच्या काट्याकडं कधी डोळा वर करून पाहिलं न्हाई, अन् तुमी मला खोटं माप दिलं?" "दिलं," अमृतराव म्हणाले. "म्हनून तर उभा राहून फिरवून राहिलो."  लाज वाटत होती, आणि छातीवरचं पोतं उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि या दुसऱ्या गोष्टीचीही लाज वाटत होती.

जान्हवी मटकन खाली बसली होती. वही मांडीवर. ती अगदीच लहान दिसत होती. भिंतीवरच्या हिरव्या रेघेकडं पाहत ती म्हणाली, "मग तुम्ही येता कशाला, काका? काहीच उतरलं नाही, तर रोज सकाळी कशाला येता?" यातलं रडू सगळ्यांना ऐकू आलं. अमृतराव पाय ओढत तिच्यासमोर गेले. "हे बघ बेटा. पयले कळ आली की म्या भितीवर मूठ मारायचो. लेकरं माझ्याजवळ यायला भ्यायची. आता ती येती, टाचेत जाऊन बसती, अन् म्या तिच्यासंगं श्वास सोडत ऱ्हातो. दुखनं आठच हाय. पर आता म्या त्याला भेत न्हाई. ह्याच्यासाठी येतो. हे लिवायला तुझ्या वहीत जागा हाय का?"  तेवढ्यात मागून पुनमचंद खाकरले. "ताई, माझंपन... सहा लिव्हा. चार न्हाई. काका दोन म्हणून राहिले, तर आपन सहा कसं म्हनायचं?" तीनवाली बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "माझं सात." मग एकेक करून सगळेच. नवांतले आठ! एकाही शहाण्यानं खरं सांगितलं नव्हतं, एक मदीनाबी सोडून. जान्हवीनं डोळे पुसले, आणि पुसतापुसताच तिला हसू फुटलं, थांबेचना. तिनं नवीन पान उलटलं, तारीख घातली. आकड्यांच्या शेजारी एक उभी रेघ ओढून आणखी एक घर केलं आणि ते मोकळंच ठेवलं. "खाला, तुमचं?"

मदीनाबी अजून रागातच होती. "नऊ," ती म्हणाली. "नऊच व्हतं, नऊच हाय." मग तिनं चटई सोडली आणि पसरली. पण अमृतरावांच्या शेजारी नाही, दोन चटया सोडून पलीकडं. ते त्यांना लागलं. लागायलाच पाहिजे होतं, असं म्हणून ते पोटावर निजले. आज जान्हवीनं त्यांना दहा श्वास दिले नाहीत. मकरासनात नुसतं निजवलं, पोटाखाली घडी ठेवली. नेहमीसारखी शांतता झाली. कळ निघाली, कुल्ल्यावरून खाली उतरू लागली. आणि अमृतरावांच्या तोंडून, घरात खाटेवर निघतं तसं, अगदी मोठ्यानं निघालं, "आई गंऽऽ!" क्षणभर सगळी खोली दचकली. मग पुनमचंद "अरे बाप रे" म्हणाले. मग सातवाली बाई. मग कुणी कुणी, कुणाला कमरेतून, कुणाला गुडघ्यांतून. चार महिने गिळून ठेवलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. खोली नुसती कण्हत होती. खालच्या रस्त्यावर कुणी तरी थांबून वर पाहिलं असावं. जान्हवी मधोमध उभी होती, वही छातीशी धरून. "कण्हा," ती म्हणाली, "मोठ्यानं कण्हा. फक्त श्वास सोडताना कण्हा." दोन चटयांपलीकडून मदीनाबीचा आवाज आला, "या अल्लाऽऽ," आणि त्या 'अल्ला'मागून तिचा श्वास सुटला. रोज अर्ध्यावर अडणारा तो श्वास आज सुटतच राहिला, आणि अमृतराव टाचेतली कळ विसरून तो संपेपर्यंत ऐकत राहिले.